एका होनाची धास्ती आणि जिन्यावरची मोहीम

आरंभी वडीलधाऱ्यांस दंडवत, बरोबरीच्यांस नमस्कार, धाकट्यांस आशीर्वाद, आणि आयकर खात्यास दुरूनच मुजरा. वाचणारांनी सावध होऊन वाचावे. पूर्वी राजे राजांशी झुंजले, किल्ले घेतले आणि किल्ले दिले, त्या हकीकती थोरांनी लेहून ठेविल्या. परंतु एका लिफ्टमिस्त्रीने आपल्याच पगारवाढीवर चाल करोन तिला वेशीबाहेर रोखून धरिले, आणि मग त्याच्या कुटुंबाने त्याचाच पाडाव करोन त्यास विजयी केले, ऐसे युद्ध कोणी लेहिले नाही. ते लेहावे म्हणोन हा उद्योग. यात द्रव्य मोजिले आहे ते होनांनी. खरे नाणे कोणते हे विचारू नये. ऐशा लेखास होनच शोभतात. वर्णनात पदरचे चार शब्द घातले असतील, परंतु हिशेब खरा आहे, आणि ज्यास तो पटणार नाही त्याने आपले बटाटे घेऊन जिन्यावर यावे.

हकीकत ऐसी की, शहरात इमारती उंच, आणि इमारतींत लिफ्टा बहुत, आणि लिफ्ट म्हटली म्हणजे ती अडकणे आलेच. आत कोंडलेली माणसे प्रथम हसतात, मग घड्याळ पाहतात, मग दार बडवितात, आणि शेवटी एकमेकांवर चिडतात. त्यांस सोडविणारा कोणी शूर पुरुष पाहिजे. ऐसे शूर पुरुष म्हणजे पोलादीदोरधुरंधर, कप्पीभूषण, खड्डाबहाद्दर, श्रीमंत मिस्त्री. श्रीमंत हा किताब आहे, द्रव्याशी त्याचा संबंध लावू नये. मिस्त्रींचा कान ऐसा तयार की, तळमजल्यावर उभे राहून गच्चीवरील मोटारीचा आवाज ऐकावा आणि कोणती पट्टी झिजली ते सांगावे. कोंडलेल्यांस फटीतून धीर द्यावा तो एकाच वाक्याने, "घाबरू नका, मी आलोय." आणि लोक खरोखर घाबरावयाचे थांबत.

परंतु लिफ्टेच्या पोकळीस तळाशी एक खड्डा असतो. तेथे तेल, ओल, काळोख, आणि वरच्या मजल्यांवरून पडलेल्या किल्ल्या व केसांच्या पिना. तेथे उतरावे, गुडघे मोडून बसावे, मान वाकडी करावी, आणि डोक्यावर आख्खी लिफ्ट टांगलेली असताना नटबोल्ट आवळावे. मिस्त्रींनी उभी हयात त्या खड्ड्यात काढिली. मग पाठ निष्ठावंत राहिली, हात निष्ठावंत राहिले, परंतु दोन्ही गुडघे फितूर जाहले. बसते वेळी उजवा बंड करी आणि उठते वेळी डावा. खड्ड्यातून वर येताना मिस्त्री दोन्ही हात वर करीत आणि वरील माणूस त्यांस ओढून घेई.

वरील माणूस म्हणजे मिस्त्रींचा मेहुणा, कुटुंबाचा धाकटा भाऊ, हाताखालचा कारागीर. त्याचे मूळ नाव घरचेही विसरले, कारण हा मनुष्य सकाळी कोरा शर्ट घालून निघे आणि पहिल्या चहाच्या आत कोपरापर्यंत ग्रीसाने माखे. सबब त्यास ग्रीसराव म्हणत. ग्रीसराव जवान, गुडघे उत्तम, भूक उत्तम, परंतु काळोखाचे वावडे. तेव्हां खड्ड्यात मिस्त्री उतरत आणि वर राहून ग्रीसराव विजेरी धरीत, आणि विजेरी बहुधा चुकीच्या जागी धरीत.

ऐसे चालले असता कंपनीचे जुने मुख्य मिस्त्री निवृत्त जाहले आणि खुर्ची रिकामी पडली. मग मालकांनी सोमवारी सकाळी मिस्त्रींस कचेरीत बोलाविले, बसावयास सांगितले, आणि हुकूम फर्माविला की, मुख्यपदाची सनद तुम्हांस देतो. मुख्याने वर उभे राहून काम तपासावे, सही करावी, खड्ड्यात उतरू नये. विम्याच्या कराराप्रमाणे उतरण्यास मनाईच आहे. आजवर सालीना दोनशे नव्वद होन होते, आता तीनशे तीस होतील. शनिवारी दुपारपर्यंत कबुली द्यावी. न दिल्यास खुर्ची ग्रीसरावांस जाईल, आणि मग तुम्ही त्यांच्या हुकमतीखाली खड्ड्यात.

हे वर्तमान घरी पोहोचले तेव्हां मिस्त्रींचे कुटुंब, ज्यांस आम्ही बाईसाहेब म्हणू, पडदे शिवीत बसल्या होत्या. त्या लोकांच्या खिडक्यांचे पडदे शिवून देत. दोन खोल्यांत जिकडे पाहावे तिकडे कापड, आणि कापडात घर. बाईसाहेबांनी मशीन थांबविले आणि पुसले, "खड्डा सुटणार?" मिस्त्री म्हणाले, "सुटणार." मग बाईसाहेबांनी मशीन पुन्हा सुरू केले, आणि त्या पडद्यास एक शिवण तिरपी गेली ती त्यांनी उसविली नाही. यावरून त्यांस केवढा आनंद जाहला असेल तो जाणावा.

ग्रीसराव जेवावयास आले होते. त्यांनी घास थांबविला आणि मोठ्या काळजीच्या सुरात म्हटले, "भाऊजी, ते सगळं ठीक आहे. पण कर?"

हा एकच शब्द. परंतु दारूच्या कोठारात ठिणगी पडावी तैसा तो पडला.

मिस्त्रींचा कर आजवर कचेरीच कापून घेई आणि उरले ते हाती देई. हाती आले ते मिस्त्री बाईसाहेबांच्या डब्यात घालीत आणि विचार बंद करीत. कर कैसा मोजितात हे त्यांनी कधी पुसले नव्हते, जैसे लिफ्टेत चढणारा दोर कैसा गुंडाळतो हे पुसत नाही. आता मात्र पुसणे प्राप्त जाहले. मग मंगळवारी काम आटोपून स्वारी करसल्लागारांच्या गादीकडे निघाली.

करसल्लागारांचे ठाणे एका वह्यापेनांच्या दुकानावर, अरुंद जिन्याने चढून. आत छतापर्यंत फायली, फायलींवर धूळ, धुळीवर पंखा, आणि बाकावर आपली पाळी येण्याची वाट पाहणारी रयत मांडीला मांडी लावून. सल्लागार सज्जन, जाणते, परंतु एका कानाला फोन आणि दुसऱ्या कानाला पुढचे गिऱ्हाईक. मिस्त्रींची हकीकत त्यांनी ऐकिली, एक छापील कागद पुढे सारिला, आणि सांगितले की, पहिल्या शंभर होनांस माफी, दुसऱ्या शंभरास शेकडा दहा, तिसऱ्या शंभरास शेकडा वीस, आणि तीनशेच्या वर शेकडा तीस. मग हात वर उचलून ते आनंदाने म्हणाले, "म्हणजे तुम्ही आता तीस टक्क्यांच्या टप्प्यात गेलात. अभिनंदन!" इतक्यात फोन वाजला, आणि भेट संपली.

सल्लागार बोलले त्यात लबाडी नाही. सगळे सल्लागार ऐसेच बोलतात. परंतु ज्याने ऐकिले तो लिफ्टमिस्त्री होता, आणि सारा घोटाळा तेथे जाहला.

कारण की, मिस्त्रींनी जन्मभर पाहिले ते हे, की लिफ्ट वर गेली म्हणजे सगळी वर जाते. तिसऱ्या मजल्यावर जाणाराचे पाय तळमजल्यावर राहिले, पोट पहिल्यावर राहिले, आणि डोके तेवढे वर पोहोचले, ऐसे एकाही गिऱ्हाइकाचे जाहले नाही. जाहले असते तर त्याची चौकशी बसली असती. तेव्हां त्यांनी सिद्धांत बांधिला की, उत्पन्न तिसऱ्या मजल्यास लागले म्हणजे सगळे उत्पन्न तिसऱ्या मजल्यावर आले, आणि तेथील अंमलदार सगळ्यावर शेकडा तीस घेणार. मग बसथांब्यावर उभे राहून त्यांनी तिकिटाच्या पाठीवर मांडिले. तीनशे तीसचे शेकडा तीस म्हणजे नव्व्याण्णव. उरले दोनशे एकतीस. आजचे दोनशे नव्वद, त्यांचे शेकडा वीस म्हणजे अठ्ठावन्न. उरले दोनशे बत्तीस.

चाळीस होन वाढ, आणि हाती एक होन उणा!

मिस्त्रींनी तीन वेळा पडताळिले, आणि तिन्ही वेळां तो एक होन गेला. त्या नादात बस आली ती गेली.

बुधवारी मिस्त्री तहाच्या बोलण्यास मालकांकडे गेले आणि अर्ज केला की, मुख्यपद घेतो, परंतु पगार तीनशेवर थांबवावा, वर एक छदाम नको. मालक नुकतेच दाढी करोन ताजेतवाने बसले होते, ते एकदम थकल्यासारखे दिसू लागले. त्यांनी पुसले, "मिस्त्री, वाढवून मागायला इथे रांग लागते. कमी मागणारे तुम्ही पहिले. दुसरीकडे कुठे जाताय का?" मिस्त्री म्हणाले, "नाही हो. मला दुसऱ्या मजल्यावरच राहायचंय." मालक म्हणाले, "घर बदलताय?" ऐसी दोन्ही बाजूंनी बहुत बोलणी जाहली, आणि कोणाचे कोणास कळले नाही. शेवटी मालकांचा निर्णय ऐसा की, मुख्याचा पगार नेमलेला आहे, तो घ्यावा अथवा खुर्ची सोडावी. आणि मिस्त्री जाताच त्यांनी संशयाने बाकीच्या कंपन्यांस फोन केले.

या काळात ग्रीसरावांची वर्तणूक पाहण्याजोगी होती. ते भाऊजींस हरघडी धीर देत. "भाऊजी, एक होन म्हणजे एक होन. आणि पुढे सरकारने दर वाढवला तर? नकाच घेऊ. एवढं संकट तुमच्यावर नको." मग सुस्कारा टाकून म्हणत, "माझ्यावर आलं तर मी सोसेन. मी तरणा आहे." आणि त्यांनी बाजारातून खुर्चीस शोभेल ऐसा एक पांढरा शर्ट आणिला होता, तो गादीखाली इस्त्रीस ठेविला होता.

गुरुवारी संध्याकाळी घरात खलबत भरले. मिस्त्रींनी जाहीर केले की, मुख्यपद नाकारीत आहो. बाईसाहेबांनी कात्री खाली ठेविली. त्यांचे बोलणे शब्दशः ऐसे होते:

"एका होनासाठी? अहो, डोकं ठिकाणावर आहे का? गुडघ्यांकडे बघा."

"अगं, होनाचा प्रश्न नाही. मोठा होऊन कमी घेऊन यायचं, हे कसं दिसतं? लोक म्हणतील, मुख्य झाला आणि घसरला."

"लोक येतात का तुम्हांला खड्ड्यातून वर ओढायला?"

"मी येतो," ग्रीसराव म्हणाले.

"तू गप्प बैस."

मग मिस्त्रींनी आपला सिद्धांत डोळ्यांदेखत सिद्ध करोन दाखविण्याचा पण केला. ते राहत ती इमारत तळमजला धरोन चार मजल्यांची, आणि कराचे टप्पेही चार, हा योग पाहून त्यांस स्फुरण चढिले. घरात बटाट्यांचे पोते नुकतेच आले होते. एक बटाटा म्हणजे दहा होन ऐसे ठरले, आणि एकोणतीस बटाटे मोजून, म्हणजे आजचा सालीना पगार, लिफ्टेत भरिले. ग्रीसरावांस कराचे अंमलदार नेमिले. बाईसाहेब मापाची टेप आणि सुरी घेऊन देखरेखीस. ऐसी ती फौज लिफ्टेत शिरली आणि दार लागले आणि कूच जाहले. दुसऱ्या मजल्यावर लिफ्ट थांबविली, कारण दोनशे नव्वदचा मुक्काम तेथे. तेथे अंमलदार ग्रीसरावांनी सगळ्या बटाट्यांचा पाचवा हिस्सा उचलिला. पाच आख्खे घेतले, आणि सहाव्याचे टेप लावून पाच तुकडे करोन त्यांतील चार घेतले. या कामी इतका वेळ गेला की, खालच्या आणि वरच्या मजल्यांवरून लोक "अहो, लिफ्ट सोडा!" म्हणोन ओरडू लागले, आणि त्यांस कळविण्यात आले की सरकारी वसुली चालू आहे.

उरले तेवीस बटाटे आणि एक तुकडा. मिस्त्री म्हणाले, "बघ. दोनशे बत्तीस. आता तेहतीस भरून तिसऱ्या मजल्यावर नेले की तेवीस आणि अर्धा तुकडा. मी काही खोटं बोलत नाही."

बाईसाहेबांनी बटाटे पाहिले आणि पुसले, "आज तुम्ही दोनशे नव्वदवर आहात ना? मग हे तेवीस म्हणजे आजची गोष्ट."

"हो."

"मग माझ्या डब्यात वर्षाला दोनशे बासष्ट कुठून येतात?"

तीन बटाटे जास्त! जे सिद्धांतात नव्हते ते डब्यात होते. परंतु मिस्त्री कच्च्या दिलाचे नव्हते. त्यांनी लिफ्टेचे दार घाईने ओढून घेतले, कुटुंबाच्या कानाशी लागले, आणि कुजबुजत म्हणाले, "हळू बोल. मलाही आत्ताच कळलं. ही सरकारची नजरचूक आहे. इतकी वर्षं आपल्याकडून कमी घेतायत. आता पगार वाढला की कोणीतरी कागद उघडणार, आणि मग मागचं सगळं निघणार. म्हणून तर म्हणतो, हलायचंच नाही!"

पाहा, सिद्धांत कैसा बलाढ्य! सत्य समोर येऊन उभे राहिले, तर त्यासच नजरचूक ठरवून कैद केले. ग्रीसरावांनी ताबडतोब मान डोलाविली आणि म्हणाले, "भाऊजी, माझ्या तोंडून एक अक्षर बाहेर जाणार नाही."

बाईसाहेब पडद्यांचे काम करीत, आणि पडद्यांच्या कामात ऐसे असते की गिऱ्हाइकास वरच्या पट्टीस भारी कापड पाहिजे असले, तर भारी दर त्या पट्टीपुरताच लावितात. सगळ्या पडद्यास भारी दर लावील तो शिंपी दुसरे दिवशी दुकान बंद करील. हे त्यांच्या हातास ठाऊक होते, ते आता डोक्यात आले. मग त्यांनी हुकूम केला, "लिफ्ट बंद करा. बटाटे जिन्याने जातील."

मिस्त्रींस हा आपल्या पेशाचा अपमान वाटला. परंतु हुकूम तो हुकूम. मग बाईसाहेबांनी कायदा सांगितला तो ऐसा: एका मजल्यावर दहाच बटाटे मावतात. खालचा मजला भरल्याखेरीज वर चढावयाचे नाही. वर चढले म्हणोन खालच्यांस वर ओढावयाचे नाही. आणि अंमलदाराने ज्या मजल्यावर उभे राहावे त्याच मजल्याचे बटाटे मोजावे, दुसरीकडे बोट लावू नये.

मग सगळे बटाटे पुन्हा एकत्र केले, कापलेल्याच्या जागी पोत्यातून नवा घेतला, आणि मोहीम सुरू जाहली. तळमजल्यावर जिन्याच्या पायाशी दहा मांडिले. तेथे माफी. ग्रीसराव त्यांजकडे पाहून नुसते पुढे गेले. पहिल्या मजल्यावर दहा मांडिले, तेथे एक घेतला. दुसऱ्या मजल्यावर उरलेले नऊ मांडिले, आणि सगळे जण पोत्यापाशी विसरलेली टेप आणावयास घरात गेले, कारण नवांचा पाचवा हिस्सा म्हणजे दोनास थोडा कमी आणि तो मापानेच कापणे आले. परत येऊन पाहतात तो तेथे सातच!

एकच हाकाटी जाहली. ग्रीसरावांनी सरकारी द्रव्यावर दरोडा पडिल्याची ग्वाही दिली. मिस्त्री रेलिंग धरोन उभे राहिले आणि म्हणाले, "बघा, जिन्यावर भरवसा नाही. लिफ्टेत दार तरी असतं." इतक्यात समोरचे दार उघडिले आणि निवृत्त परिचारिका मावशी हाती आमटीचा डाव घेऊन बाहेर आल्या. या मावशींनी इस्पितळात पिढ्यान्पिढ्यांस सुया टोचल्या होत्या, आणि आवाज अद्याप वॉर्डापुरता मोठा होता.

"दोन मी घेतले. दारात मांडून ठेवलेत, मला वाटलं वाटताय."

"मावशी, ते उत्पन्न होतं!" ग्रीसराव ओरडले.

"उत्पन्न काय, आता ते कुकरात आहे."

बाईसाहेबांनी मात्र विचार केला आणि तोड काढिली. दुसऱ्या मजल्याचा कर दोन बटाट्यांस पाचवा हिस्सा कमी. मावशींनी दोन घेतले. तेव्हां मावशीच अंमलदार ठराव्या, वसुली जाहली ऐसे समजावे, आणि जे जास्त घेतले गेले तो एका बटाट्याचा पाचवा हिस्सा मावशींनी परत करावा. मावशी म्हणाल्या, "एवढ्याशा तुकड्यासाठी मी कुकर उघडू?" तेव्हां त्यांस समजाविण्यात आले की, जास्त कापलेला कर परत मिळतोच, फक्त वाट पाहावी लागते. मग सर्व मंडळी जिन्यावर बसली, मिस्त्री भिंतीस टेकून, आणि शिट्ट्या होईपर्यंत वाट पाहिली. परतावा उकडलेला मिळाला.

मग बाईसाहेबांनी मोजिले. तळाचे दहा. पहिल्याचे नऊ. दुसऱ्याचे सात, आणि बशीत तो गरम तुकडा. "सव्वीस आणि पाचवा हिस्सा. म्हणजे दोनशे बासष्ट. माझा डबा." त्या म्हणाल्या, "आता सांगा, नजरचूक सरकारची की तुमची?"

मिस्त्रींनी बशीतील तुकड्याकडे बहुत वेळ पाहिले. डब्यातील रक्कम आणि जिन्यावरील रक्कम एका तुकड्याचाही फरक न पडता जुळली होती. मनुष्याने आपल्या जन्माची समजूत बशीत वाफाळताना पाहावी, ऐसा तो प्रसंग.

परंतु बाईसाहेब येथे थांबणाऱ्या नव्हत्या. त्यांनी दुसऱ्या मजल्याचे सात पुन्हा नऊ केले, मग पोत्यातून चार बटाटे आणखी आणविले, म्हणजे पगारवाढीचे चाळीस होन. एकाने दुसऱ्या मजल्याची उणीव भरली, तेथे दहा जाहले आणि दोन कर. उरले तीन ते तिसऱ्या मजल्यावर चढिले. तिघांचे शेकडा तीस म्हणजे एका बटाट्यास दहावा हिस्सा कमी. हा दहावा हिस्सा कापताना ग्रीसरावांनी सुरी सरकारच्या बाजूस थोडी झुकविली, आणि बहिणीने त्यांचे मनगट धरोन ती सरळ केली.

"एकूण गेले चारास थोडे कमी," बाईसाहेब म्हणाल्या. "उरले एकोणतीस आणि वर एक फोड. म्हणजे दोनशे एक्याण्णव. आजच्यापेक्षा एकोणतीस होन जास्त. तुमचा एक होन कुठे गेला तो शोधा आता."

मिस्त्री तिसऱ्या मजल्यावरून खाली डोकावले. तेथे तळमजल्यावर दहा बटाटे जागच्या जागी, निवांत. वर तीन आले याची त्यांस वार्ता नाही, आणि वर शेकडा तीसचा अंमल आहे याची झळ नाही.

"म्हणजे वर गेलो तरी खालचं खालीच राहतं?"

"राहतं."

"म्हणजे सरकार जिन्याने चालतं?"

"म्हणून तर उशीर लागतो," मावशी म्हणाल्या.

मिस्त्री पायरीवर बसले. बसताना उजवा गुडघा मोठ्याने बोलिला, तो चौघांनीही ऐकिला, आणि कोणी हसले नाही. मग मिस्त्री म्हणाले, "मला वाटलं, एवढी वर्षं खाली काढली, आता वर जायचं म्हणजे त्याचे पैसे पडणार. फुकट कोण वर नेतं?" बाईसाहेब जवळ बसल्या आणि म्हणाल्या, "फुकट कुठे? तीनातला एक जातोयच की जवळजवळ. पण बाकीचे तुमचेच. अहो, घ्या ना ती खुर्ची. मला रोज गुडघ्यांना लावायचं तेल कढवायचा कंटाळा आलाय." आणि तोंड फिरवून त्या बटाटे गोळा करू लागल्या, आणि ते एकाएकी फार काळजीपूर्वक गोळा करावे लागले.

ऐसा मिस्त्रींचा संपूर्ण पराभव जाहला.

शुक्रवारी शहरात लिफ्टा इतक्या अडकल्या की मान वर करावयास फुरसत नव्हती. शनिवारी दुपार होता होता मिस्त्री कचेरीत गेले तो खुर्चीच्या बाजूस ग्रीसराव नव्या पांढऱ्या शर्टात उभे, आणि मालक सनदेवर नाव घालावयास पेन उघडून बसलेले. मिस्त्रींनी निवेदन केले की, पद कबूल, आणि पगारही आहे तेवढा कबूल. मालक सावधपणे म्हणाले, "कमी नको?" मिस्त्री म्हणाले, "नको. तिसऱ्या मजल्यावर तीनच बटाटे जातात, त्यांतला एकसुद्धा पुरता जात नाही." मालकांनी सही घेतली, सनद घाईने कपाटात घातली आणि कुलूप लाविले, न जाणो, हा मनुष्य फिरून काही बोलेल म्हणोन. ग्रीसराव मात्र मोठ्या मनाचे. त्यांनी पुढे होऊन भाऊजींस मिठी मारिली, आणि मिस्त्रींच्या सदऱ्यावर ग्रीसाचे दोन पंजे उमटले. नव्या शर्टातील हातांस ग्रीस कोठून लागले, हे आजपर्यंत कळले नाही.

वर्ष सरले तेव्हां कचेरीने मिस्त्रींकडून कर कापिला तो एकोणचाळीस होन. जिन्यावरचा अंदाज आणि सरकारचा आकडा यांत केसाचे अंतर पडले नाही. आणि आयकर खात्यास, ज्याच्याशी हे सगळे युद्ध जाहले, त्यास युद्ध जाहल्याची खबरही नव्हती. त्यांनी आपले एकोणचाळीस होन मोजून घेतले आणि पुढचा कागद उचलिला.

फत्ते जाहली ती नोंदवावयाची ती येणेप्रमाणे. मुख्यपदी बसल्यावर पहिली मोठी लिफ्ट बंद पडिली ती एका कापडाच्या गोदामात. मुख्य मिस्त्री खड्ड्याच्या तोंडाशी उभे, हाती विजेरी. खाली काळोखात ग्रीसराव, आणि त्यांचा आवाज नेहमीहून बारीक.

"भाऊजी, इथे काहीतरी हललं."

"उंदीर असेल. तो तुला घाबरलाय. घाबरू नकोस, मी आहे."

"भाऊजी, नट हलत नाही. तुमच्या हाताने हलेल. जरा या ना खाली."

मिस्त्रींनी सवयीने खड्ड्याच्या कडेस हात टेकिला, एक पाय आत सोडिला, आणि तेथेच थांबले. हात ते काम जाणत होते, आणि हातांस खाली जावेसे वाटत होते. मग त्यांनी पाय बाहेर घेतला, पेटीतून मोठा पाना काढिला, आणि वाकून खाली दिला. विजेरी नेमकी नटावर धरिली, आणि डावीकडे किती, उजवीकडे किती, ते वरूनच सांगत राहिले, तो नट सुटला.

पाना खाली गेला आणि मिस्त्री वर राहिले. एवढा मुलूख सर जाहला. ज्यांनी पाहिले त्यांच्या तोंडून ऐकून, पदरचे थोडे घालून, हे लेहिले असे.